लग्न, बाळ, नवीन नोकरी आणि आता फ्लॅट पण... सगळं याच वर्षात?

या आठवड्याचं पत्र ठाण्यातून, कासारवडवलीहून आलंय. नाव अर्थातच देत नाही, पत्र थोडं कापून देतेय.

"ताई, मी 28 वर्षांची, माहेर चिपळूण. मागच्या डिसेंबरात लग्न झालं आणि ठाण्यात आले. मार्चमध्ये सासऱ्यांची अँजिओप्लास्टी झाली, तेव्हापासून सासूसासरे गावाहून येऊन आमच्याकडेच आहेत. जूनमध्ये नवऱ्याने नोकरी बदलली, आता ऐरोलीला जातो, अजून प्रोबेशनवर आहे. त्याच महिन्यात मी प्रेग्नंट असल्याचं कळलं, आता पाचवा लागलाय, फेब्रुवारीच्या मध्यावरची तारीख आहे. मी वागळे इस्टेटला एका कंपनीत तीन वर्षं आहे पण मला दुसरीकडून 30 टक्के जास्त पगाराची ऑफर आलीये. नवरा म्हणतो घेऊन टाक, दोघांच्या पगारावर लोन जास्त बसेल. आणि गेल्या रविवारी आम्ही घोडबंदर रोडला चालू बांधकामातल्या 95 लाखांच्या टू बीएचकेला 1 लाख टोकन देऊन आलो. दसऱ्याला अ‍ॅग्रीमेंट करू म्हणतो. आमची बचत 18 लाख आहे, बाकीचे पैसे बाबा, म्हणजे सासरे, त्यांची गावची एफडी मोडून देणार आहेत. हातात दोघांचे मिळून 1 लाख 40 हजार येतात, भाडं 27 हजार. नवरा म्हणतो एकाच वर्षात सगळं उरकून टाकू म्हणजे मग आयुष्यभर मोकळे. तो वाईट नाहीये ताई, खूप करतो, पण थांबतच नाही. सगळे म्हणतात किती नशीबवान आहेस, एका वर्षात सगळं मिळालं. मला रात्री झोप लागत नाही. मला आनंद का होत नाहीये? मी कृतघ्न आहे का?"

अगं, नाही. मुळीच नाही. तुझं पत्र मी रांगेत न ठेवता आधी घेतलं कारण त्यात एक तारखेची भानगड आहे, आणि टोकनबद्दलचा भाग तुला मेलवर कळवलाच आहे, बाकीच्यांनाही उपयोगी पडेल म्हणून इथे परत लिहितेय.

आधी माझं मत सरळ सांगते. तुम्ही या वर्षी फ्लॅट घेऊ नका आणि तू बाळंतपणाच्या आधी नोकरी बदलू नकोस. दोन्ही गोष्टी चांगल्याच आहेत आणि पुढे व्हायलाच हव्यात, पण या दोन्ही तुमच्या हातातल्या आहेत, पुढे सरकवता येतात. बाळाची तारीख सरकत नाही, बाबांचं हृदय तुमच्या वेळापत्रकाने चालत नाही, नवऱ्याचं प्रोबेशन कंपनी संपवेल तेव्हा संपणार. या वर्षात तुमच्यावर येऊन पडलेल्या गोष्टी आधीच भरपूर आहेत, त्यात आपण होऊन अजून दोन ओढून घ्यायच्या कशासाठी?

आता नोकरीचं बघू, कारण यात एक गोष्ट आहे जी मला वाटतं तुम्हा दोघांच्या लक्षातच आलेली नाही. आपल्याकडे 2017 पासून पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवड्यांची पगारी बाळंतपणाची रजा आहे हे सगळ्यांना माहितीये, पण ती मिळायला एक अट आहे. डिलिव्हरीची जी अपेक्षित तारीख असेल तिच्या आधीच्या 12 महिन्यांत त्या कंपनीत तू किमान 80 दिवस काम केलेलं असलं पाहिजे. त्या कंपनीत, हे महत्त्वाचं, आधीच्या कंपनीतली तीन वर्षं तिथे मोजत नाहीत. आता तूच मोज. आज राजीनामा दिलास, एक महिन्याची नोटीस भरलीस, म्हणजे ऑक्टोबरच्या मध्याला जॉइन होणार. तिथून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत सतरा-अठरा आठवडे, पाच दिवसांचा आठवडा धरला तर अगदी शेवटच्या दिवसापर्यंत ऑफिसला गेलीस तर 85-90 दिवस भरतात. आणि नववा लागल्यावर, म्हणजे जानेवारीच्या मध्यापासून घरी बसायचं ठरवलंस तर भरतात 65. म्हणजे रजा हवी असेल तर कळा येईपर्यंत कामाला जायचं, आणि मध्ये डॉक्टरांनी पंधरा दिवस झोपून राहायला सांगितलं तर सगळंच गेलं. पगारी सुट्ट्या धरतात, पण बिनपगारी रजा पडली की गणित बिघडलं. याउलट आत्ता जिथे आहेस तिथे तुझे 80 दिवस कधीच भरलेत, 26 आठवडे तुझा हक्क आहे, त्यातले 8 आठवड्यांपर्यंत तारखेच्या आधी घेता येतात, आणि या रजेवर असताना ते तुला काढू शकत नाहीत.

30 टक्के वाढ मोठी आहे, मला कळतंय. पण सहा महिन्यांचा पगार जर धोक्यात येणार असेल तर ती वाढ भरून निघायला किती महिने लागतील हे तू माझ्यापेक्षा चांगलं काढशील. शिवाय ग्रुप मेडिक्लेमचं बघ. आत्ताच्या कंपनीच्या पॉलिसीत बाळंतपण कव्हर असेल तर किती रकमेपर्यंत, बाळ पहिल्या दिवसापासून धरतात का, हे एचआरला मेलवर विचारून घे, फोनवर नको. नोकरी सोडली की ते कव्हर गेलं, आणि स्वतंत्र पॉलिसी आता काढून उपयोग नाही कारण बाळंतपणाला त्यात वेटिंग पिरियड असतो, प्रेग्नंट झाल्यावर काढलेली पॉलिसी या बाळंतपणाला कामाला येत नाही.

ऑफर देणाऱ्यांना मात्र तोंडघशी पाडू नकोस. त्यांना सरळ कळव की मी प्रेग्नंट आहे, मला जॉइनिंग पुढच्या वर्षी जुलै-ऑगस्टला देता येईल का. बहुतेक नाही म्हणतील, पण एखादा चांगला मॅनेजर तुझं नाव लक्षात ठेवतो. नाही म्हणाले तरी तू काही गमावलं नाहीस, ज्या हुशारीवर ही ऑफर आली ती हुशारी कुठे जाणार नाहीये.

आता फ्लॅट. तुझा नवरा पगारदार माणूस आहे, आकड्यांशी बोलतो, म्हणून त्याच्याशी आकड्यांनीच बोलू या. 95 लाखांचा फ्लॅट. बँका 30 ते 75 लाखांच्या लोनमध्ये घराच्या किमतीच्या 80 टक्क्यांपर्यंत देऊ शकतात आणि 75 च्या वर लोन गेलं की मर्यादा 75 टक्क्यांवर येते, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. 95 चे 80 टक्के म्हणजे 76 लाख, पण 75 च्या वर गेलात की 75 टक्केच, म्हणजे उलट 71 लाख 25 हजार. तेव्हा तुम्हाला जास्तीत जास्त 75 लाख मिळणार, कितीही पगार दाखवा. हे नीट वाच कारण तुझ्या नवऱ्याचा सगळा हिशोब "तुझा पगार वाढला की लोन वाढेल" यावर उभा आहे. वर राहिले 20 लाख. त्यावर ठाण्यात 7 टक्के स्टँप ड्युटी, म्हणजे 6 लाख 65 हजार. रजिस्ट्रेशन 30 हजार. चालू बांधकाम आहे म्हणून 5 टक्के जीएसटी, 4 लाख 75 हजार. हे स्टँप ड्युटी-रजिस्ट्रेशनचे पैसे बँक घराच्या किमतीत धरत नाही. बेरीज 31 लाख 70 हजार, तुमच्या खिशातून. पार्किंग, सोसायटीचं डिपॉझिट, आतलं फर्निचर अजून यात आलेलंच नाही. तुमच्याकडे आहेत 18. उरलेले जवळपास 14 लाख बाबांच्या एफडीतून.

इथे मी थांबले. ज्या माणसाला सहा महिन्यांपूर्वी स्टेंट बसलाय, त्याच्या म्हातारपणाची ठेव तुम्ही अशा फ्लॅटसाठी मोडताय ज्याच्या जागी आत्ता फक्त पिलर उभे आहेत. बाबा आनंदाने देतायत यात मला शंका नाही, आपल्याकडे आईबाप देतातच. पण देव न करो, उद्या परत हॉस्पिटलची वेळ आली तर पैसे कुठून काढणार? नवऱ्याच्या नव्या कंपनीच्या मेडिक्लेममध्ये आईवडील आहेत का? पत्रात याबद्दल काहीच नाही. जुन्या कंपनीत होते आणि नव्या कंपनीत नाहीत असं खूप घरांत होतं आणि ते कळतं अ‍ॅडमिशनच्या काउंटरवर. हे त्याने उद्याच्या उद्या लेखी विचारून घ्यावं.

हप्त्याचं पण बघ. 75 लाख, 20 वर्षं, साडेआठ टक्के धरले तर महिन्याला 65 हजार. तो पूर्ण हप्ता ताबा मिळाल्यावर सुरू होईल, आधी बँकेने जेवढे पैसे बिल्डरला सोडले तेवढ्याचंच व्याज भरायचं असतं हे खरं, पण एकेक स्लॅब पडत गेला की ते व्याज चढत जातं आणि शेवटी शेवटी 50 हजारांच्या पुढे जातं, आणि त्याच काळात 27 हजार भाडं चालूच असतं. 1 लाख 40 हजारातून हे गेले की राहिले 60 हजार, त्यात चार मोठी माणसं, एक बाळ, बाबांच्या गोळ्या, बाईंचे पैसे आणि घोडबंदर रोडवरचा रोजचा प्रवास. ताबा लांबला तर हेच अजून एक-दोन वर्षं. रेरा म्हणजे घर घेणाऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा, त्यात ताबा उशिरा दिला तर व्याज मागता येतं, पण ते मागायला तान्ह्या बाळाला घरी ठेवून तक्रारीच्या मागे लागायला कोण जाणार?

साइटवरच्या पोराने सांगितलंच असेल, मेट्रो सुरू झाली की भाव कुठच्या कुठे जाणार, आत्ता नाही घेतलं तर परत नाही मिळणार. वडाळा-कासारवडवली मेट्रोचं नाव घेऊन घोडबंदरला फ्लॅट विकायला लागून कित्येक वर्षं झाली, ती किंमत त्या 95 लाखांत आधीच लावलेली आहे. मानपाड्यापासून गायमुखपर्यंत टॉवरच टॉवर आहेत आणि दर गुढीपाडव्याला, दर दसऱ्याला ऑफर असतेच. पुढच्या दसऱ्यालाही असेल. आणि "मॅडमच्या एकटीच्या नावावर करा, स्टँप ड्युटी 1 टक्का कमी लागते" हे सांगितलं असेल तर ते खरं आहे, 95 हजार वाचतात, पण मग घर फक्त तुझ्या नावावर असतं, नवऱ्याचं नाव सोबत टाकलं की ती सवलत मिळत नाही. हा निर्णय घरात शांतपणे बोलून घ्यायचा असतो, सेल्स ऑफिसच्या सोफ्यावर बसून नाही.

आता टोकन, ज्यासाठी घाई केली. बुकिंगच्या वेळी सही केलेला फॉर्म आणि अलॉटमेंट लेटर मिळालं असेल तर ते काढ आणि रद्द करण्याची अट वाच. महारेराने, म्हणजे आपल्या राज्याच्या रेरा प्राधिकरणाने, अलॉटमेंट लेटरचा जो नमुना ठरवून दिलाय त्यात 15 दिवसांच्या आत बुकिंग रद्द केलं तर काही कापायचं नाही, 16 ते 30 दिवसांत केलं तर फ्लॅटच्या किमतीच्या 1 टक्का. टोकनच्या नाही, फ्लॅटच्या किमतीच्या. 95 लाखांचा 1 टक्का म्हणजे 95 हजार, म्हणजे तुमचं टोकन जवळजवळ सगळं गेलं. म्हणून 15 दिवसांच्या आत, दोघांच्या नावाने, मेलवर, तारखेसकट कळवा की आम्ही बुकिंग रद्द करतोय, रक्कम परत करा. तोंडी सांगितलं, व्हॉट्सअ‍ॅपवर सांगितलं, मॅनेजर बाहेर गेलाय, यात दिवस घालवू नका. ते फोन करतील, अजून डिस्काउंट देतील, म्हणतील फक्त 10 टक्के भरा बाकी निवांत. तेव्हा एक गोष्ट माहिती असू दे, नोंदणी केलेलं अ‍ॅग्रीमेंट केल्याशिवाय 10 टक्क्यांच्या वर रक्कम घ्यायला रेरा कायद्यातच मनाई आहे.

हे सगळं नवऱ्याला कसं सांगायचं, कारण खरी अडचण तिथेच आहे, हो ना?

मला तुझं पत्र वाचताना एक जाणवलं. मार्चच्या आधी तो असा होता का गं? लग्नानंतर तीन महिन्यांत वडिलांना अ‍ॅडमिट करावं लागलं, कन्सेंटवर सही त्याने केली असणार, आणि त्यानंतर त्याने नोकरी बदलली, आईवडिलांना आणलं, घर शोधलं, तुला ऑफर घेऊन टाक म्हणाला. मला वाटतं तो खूप घाबरलाय. बाबा बघायला आहेत तोवर घर झालं पाहिजे, नातवंड नव्या घरात आलं पाहिजे, असं काहीतरी त्याच्या डोक्यात आहे आणि ते त्याने कोणाला बोलून दाखवलेलं नाही. आपल्याकडे मुलगे हे बोलत नाहीत, कामाला लागतात. म्हणून "तू माझं ऐकतच नाहीस" असं सुरू केलंस तर भांडण होईल. त्यापेक्षा म्हण, मला आपलं घर हवंय, मला ते फेब्रुवारीच्या आधी नको. आणि मग विचार, तुला बाबांची भीती वाटते का रे? विचारून गप्प बस, त्याला वेळ लागू दे. घरात सासूसासरे असताना हे बोलणं होणार नाही, भिंती पातळ असतात, तेव्हा संध्याकाळी दोघं तलावपाळीला जा, नाहीतर उपवनला, एक चक्कर मारा, वरचे आकडे कागदावर लिहून पर्समध्ये ठेव आणि बाकावर बसून दाखव.

त्याने ऐकलं आणि फ्लॅट थांबवला तरी त्याला हातपाय हलवायला काहीतरी लागणार आहे, तो तसा माणूस आहे. मग बाबांचं सगळं त्याच्याकडे दे. गोळ्यांचा डबा भरणं, फॉलोअप, रिपोर्टची फाइल. स्टेंटनंतर रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या साधारण वर्षभर तरी असतात आणि डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय त्यातली एकही बंद करायची नसते, कोणीतरी एकाने हे डोक्यात ठेवायला लागतं आणि आत्ता मला खात्री आहे की ते तू ठेवतेयस. खाजगी नोकरीत वडिलांसाठी पॅटर्निटी लीव्हचा कायदा नाही, केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना 15 दिवस मिळतात, बाकी कंपनीच्या मनावर. त्याची पॉलिसी काय ते त्याने आत्ताच बघावं, आणि काहीच नसेल तर आतापासून रजा साठवाव्यात.

बाळंतपण माहेरी की ठाण्यात हे तू पत्रात लिहिलं नाहीस पण तो विषय सातव्यात डोहाळजेवणाला निघणारच, दोन्हीकडच्या बायका एकत्र आल्या की. तू आधी ठरव. चिपळूणला जायचं असेल तर शेवटपर्यंत थांबू नकोस, कुठल्या महिन्यात निघायचं ते डॉक्टरांना विचार, तिथल्या हॉस्पिटलात नाव आधी घालून ठेव आणि इथली फाइल सोबत ने, आणि हायवेच्या खड्ड्यांतून जाण्यापेक्षा ठाण्याहून ट्रेन बरी. इथेच राहायचं असेल तर आईला महिनाभर बोलवावं लागेल, मग त्या घरात किती माणसं होतात आणि कोण कुठे झोपणार हे पण बघ. माझा कल विचारशील तर माहेर. या वर्षात तुझ्याकडे बघायला कोणी नव्हतं, सगळे तुझ्या हातचं जेवत होते.

आणि आता तो प्रश्न, आनंद का होत नाही. अगं, गाव सुटलं, आई लांब गेली, नवऱ्यासोबत दोघांनीच राहण्याचे जेमतेम तीन महिने मिळाले आणि घरात आजारपण आलं, त्यातच उलट्या, त्यातच ऑफिस. एकेका गोष्टीला रुळायला लोकांना वर्ष लागतं. जे मिळालं त्याचा आनंद व्हायला माणसाला थोडी उसंत लागते, ती तुला एकदाही मिळाली नाही. यात कृतघ्नपणा कुठे आला?

तरी झोपेचं मी हलक्यात घेणार नाही. दोन आठवड्यांहून जास्त झोप लागत नसेल, रडू येत असेल, कशातच मन लागत नसेल, तर ते "प्रेग्नन्सीत होतंच" म्हणून सोडून देऊ नकोस, गरोदरपणात डिप्रेशन येऊ शकतं आणि त्यावर उपचार आहेत, बाळाला चालतील असे. अठरा ते वीस आठवड्यांत जी मोठी सोनोग्राफी असते ती तुझी आता आलीच आहे, त्या व्हिजिटला डॉक्टरांना हे सगळं तोंडाने सांग, नवऱ्याला अर्धा दिवस रजा काढून सोबत यायला लाव आणि त्याच्यासमोर सांग. तोपर्यंत एखाद्या रात्री अगदीच नको वाटलं तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर आहे, 14416, सरकारी आहे, फुकट आहे, रात्रीही उचलतात आणि मराठीत बोलता येतं. फोनमध्ये सेव्ह करून ठेव.

बुकिंग रद्द केल्याच्या मेलला उत्तर आलं नाही, किंवा त्यांनी पैसे कापू म्हटलं, तर अलॉटमेंट लेटरचा फोटो मला पाठव, पुढे काय लिहायचं ते बघू.